कल्पित पक्षी खातो काय?



आजचा विषय पत्रिकेत छापला होता त्याहून वेगळा आहे. संयोजकांची परवानगी घेऊन आम्ही तो बदलला, आणि का बदलला ते आधी सांगायला हवं, कारण त्यात आमची एक चूक आहे.

मागच्या व्याख्यानानंतर खाली उतरताना जिन्यात एका मुलीने आम्हाला गाठलं. लालबागला राहते, प्राणिशास्त्र शिकते. हातात दोनशे पानी वही. "सर, वेळ असेल तर बघाल का?" आम्ही जिन्यातल्या दिव्याखाली चार पानं चाळली. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरच्या एका पक्ष्याची माहिती होती. चोचीची चित्रं, पिसाचा छेद, घरट्याचा आराखडा, विणीचा हंगाम, अंड्यांची संख्या. गोष्ट नाही, नायक नाही, संवाद नाहीत. आम्ही म्हणालो, "छान आहे गं, मेहनत घेतलीयस. पण हे साहित्य नव्हे." ती म्हणाली, "बरं सर. वही राहू दे तुमच्याकडे." आणि गेली.

घरी आल्यावर वही वाचली. दुसऱ्या दिवशी परत वाचली. आणि लक्षात आलं, की पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जिन्यात उभं राहून एक विधान ठोकून दिलं होतं, आणि त्याला आधार काहीच नव्हता. विद्यार्थ्याने परीक्षेत असं लिहिलं असतं तर आम्ही समासात लाल शाईने 'कशावरून?' असं लिहिलं असतं. तेव्हा आज 'कशावरून?' हाच विषय. कल्पनेतल्या पक्ष्याचा निसर्गेतिहास लिहिणं ही वाङ्मयीन कृती असू शकते का, आणि असेल तर ती बरी-वाईट ठरवायची कशी? (दादरमध्ये पक्ष्यांवर बोलायचं म्हणजे कबुतरखान्याचा विषय निघणार. तो आज कृपा करून काढू नका.) (हशा)

आमच्या त्या विधानामागे काय होतं? बहुधा तत्त्वज्ञानातलीच एक जुनी समजूत. आपल्याकडे नैयायिक शशशृंगाची चर्चा करतात. ससा आहे, शिंगही आहे. सशाला शिंग आहे हा संबंध तेवढा नाही. तिकडे देकार्त १६४१ च्या चिंतनांमध्ये चित्रकारांचं उदाहरण देतो, की विलक्षण प्राणी रंगवताना ते माहितीतल्या प्राण्यांचे अवयवच एकमेकांना जोडतात. म्हणजे कल्पना ही जोडकामाची कारागिरी. गंडभेरुंड घ्या: एक पक्षी, त्याला डोकी दोन. म्हैसूरच्या राजांनी तो चिन्ह म्हणून मिरवला, आज कर्नाटकाच्या राजमुद्रेत आहे. फार देखणा आहे, पण तो करतो काय? काहीच करत नाही. मुद्रेवर बसून असतो.

आता त्याचाच भाऊबंद पाहा, पंचतंत्रातला भारुंड. त्यालाही डोकी दोन, पण गोष्ट सांगणाऱ्याने एक बारीक प्रश्न विचारला: पोटं किती? पोट एकच. इथे सगळं बदलतं. एका चोचीला अमृतासारखं फळ मिळतं, ती दुसरीला देत नाही. दुसरी रागावते आणि सूड म्हणून विषारी फळ खाते. पोट एकच असल्यामुळे दोघंही मरतात. आपण लहानपणी याचं तात्पर्य पाठ केलं, एकी वगैरे. पण तात्पर्य बाजूला ठेवून बघा. ही गोष्ट वरून लादलेली नाही, ती त्या शरीररचनेतूनच निघाली आहे. दोन डोकी आणि एक पोट म्हटल्यावर असं काहीतरी होणारच. गंडभेरुंड हे चित्र आहे, भारुंड हा प्राणी आहे.

आमचा मुख्य साक्षीदार मात्र गरुड. लालबाग-परळच्या कारखान्यांतून गणपतीच्या मागे पंख पसरलेला गरुड तुम्ही दरवर्षी बघता. पिसं कोरीव, छाती पैलवानाची. आम्हीही त्याला तेवढंच समजत होतो. पण महाभारताचं आदिपर्व काढून आस्तीकाची कथा निवांत वाचा. गरुड तिथे आधी अंडं आहे. विनतेची अंडी दोन. कद्रूची अंडी पाचशे वर्षांनी फुटून साप बाहेर आले, विनतेला धीर निघाला नाही, तिने आपलं एक अंडं फोडलं. आत अरुण, कमरेपर्यंत घडलेला, खाली अपुरा. तो आईला शाप देतो आणि दुसऱ्या अंड्याला आणखी पाचशे वर्षं थांब म्हणून बजावतो. उबवणीचा काळ आधीच तोडला तर काय होतं हे ज्याने कोंबडीच्या खुराड्यात पाहिलं असेल, त्यालाच हे सुचेल.

पुढे गरुड बाहेर येतो, आणि पहिली अडचण कोणती? भूक. एवढा मोठा पक्षी, त्याला पुरेल काय? आईने सांगितलेलं खाऊन झालं, पोट भरलं नाही. बाप, म्हणजे कश्यप, एका सरोवराकडे पाठवतो. तिथे एक हत्ती आणि एक कासव झुंजतायत, दोघांची मापं योजनांमध्ये दिली आहेत. गरुड एकेका पंजात एकेक उचलतो. आता दुसरी अडचण: बसून खायचं कुठे? कवीला ही अडचण सुचली, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं. पंखांच्या वाऱ्याने झाडं थरथरतायत. एक जुना वड म्हणतो, माझ्या फांदीवर बस. बसतो, तर फांदी मोडते. मोडलेल्या फांदीला वालखिल्य ऋषी डोकी खाली करून लटकलेले. ती टाकली तर ऋषी मरणार. म्हणून दोन्ही पंजांत भक्ष्य, चोचीत फांदी, असा तो उडत राहतो. कश्यपाच्या विनंतीवरून ऋषी फांदी सोडतात, तेव्हा तिसरी अडचण: ही फांदी टाकायची कुठे, की खाली कुणी मरणार नाही? शेवटी निर्मनुष्य हिमपर्वत शोधून ती टाकली जाते, आणि मग कुठे त्या पक्ष्याला जेवायला मिळतं.

अंडं, पोट, बसायची जागा. देवलोकातून अमृत आणणारा पक्षी, पण कवीने त्याला या तिन्हींतून सूट दिली नाही. म्हणून गरुड खरा वाटतो. त्या मुलीच्या वहीत पहिली तीन प्रकरणं कोणती होती, सांगू? अंडी, आहार, घरटं. तिने आदिपर्व वाचलं असेल असं वाटत नाही. पक्ष्याविषयी प्रामाणिकपणे विचार करायला लागलं की हेच प्रश्न समोर येतात.

आता तुम्ही म्हणाल, चकोराचं काय? तो तर चांदणं पितो. त्याला कुणी पोट विचारलं?

राजशेखराने काव्यमीमांसेत याचा फार शहाणपणाने निकाल लावून ठेवला आहे. जे सृष्टीत नाही पण कवी परंपरेने सांगत आले, त्याला तो कविसमय म्हणतो. चकोराचं चांदणं पिणं, रात्री चक्रवाकाच्या जोडीने दोन तीरांवर वेगळं होणं, ही त्याचीच उदाहरणं. हा करार आहे. लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही ठाऊक आहे की हे असं नसतं. आम्ही गंमत म्हणून हिशेब केला. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण हजार वॅट. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद. म्हणजे चांदणं दर चौरस मीटरला अडीच मिलिवॅट. अर्ध्या किलोच्या पक्ष्याला नुसतं जिवंत बसून राहायला दोन वॅट धरले, तरी त्याला आठशे चौरस मीटर पंख लागतील, आणि तेही एक कणसुद्धा वाया न घालवता. या सभागृहात तो मावणार नाही. (हशा) पण हा हिशेब चकोरापुढे मांडणं म्हणजे बुद्धिबळातल्या उंटाला चारा विचारणं. करार तसा नाहीच.

तरीही एक गोष्ट आम्हाला सोडवत नाही. खरा चकोर हा हिमालयाच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवरचा तित्तिरासारखा पक्षी. बिया टिपतो, मुळं उकरतो, किडे खातो. आज तो पाकिस्तानचा राष्ट्रीय पक्षी आहे. महाराष्ट्रात तो नाही. ज्ञानेश्वरांच्या नेवाशातल्या श्रोत्यांच्या दृष्टीने चकोर हा जवळजवळ परग्रहावरचाच पक्षी होता. आणि ज्ञानेश्वर काय करतात? पहिल्याच अध्यायात, ही कथा कशी ऐकावी हे सांगताना, ते चकोर आणत नाहीत, चकोराची पिल्लं आणतात. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण ती पिल्लं हळुवार मनाने वेचतात, असं म्हणतात. परंपरेतला चकोर 'पितो', ही पिल्लं 'वेचतात'. अहो, तित्तिराची पिल्लं तेच तर करतात! अंड्यातून बाहेर आली की स्वतःच्या पायांनी चालत टिपायला लागतात. ज्ञानेश्वरांनी ती माळावर पाहिली असतील, चकोराची नसतील तर तित्तिराची. खाद्य कल्पित राहिलं, पण मानेची ती हालचाल खरी आहे. कविसमयाला एवढासा निसर्गेतिहास लागला, आणि तो निर्जीव संकेत एकदम हलायला लागला. हे आमचं वाचन आहे, पटलं नाही तर प्रश्नोत्तरांत भांडा.

आता खऱ्या परग्रहाकडे जाऊ. १९३४ साली स्टॅन्ली वाइनबॉम नावाच्या अमेरिकन तरुणाची 'अ मार्शियन ऑडिसी' ही कथा प्रसिद्ध झाली. त्यात मंगळावर 'ट्वील' नावाचा शहामृगासारखा एक जीव भेटतो. उंच उडी घेऊन तो चोच खाली करून जमिनीत भाल्यासारखा रुततो. का, ते कळत नाही. तो बोलतो, पण एकाच वस्तूला दुसऱ्यांदा तोच शब्द वापरेल याची खात्री नाही. माणसाला त्याची भाषा कळत नाही, त्याला मात्र माणसाचे थोडेसे शब्द कळतात, आणि तेवढ्यावर मैत्री होते. त्याच कथेत वाळूच्या मूलद्रव्याचा, म्हणजे सिलिकॉनचा बनलेला एक प्राणी आहे. आपण श्वासावाटे वायू सोडतो, तो विटा सोडतो, कारण त्याचा उच्छ्वास घन आहे. विटांचं स्वतःभोवती पिरॅमिड रचलं जातं, ते भरलं की तो पुढे सरकतो. मागे मैलोगणती लहान-मोठ्या पिरॅमिडांची रांग. भारुंडाचाच न्याय हा: एक गोष्ट बदला आणि बाकीचं तिच्या मागोमाग येऊ द्या. वाइनबॉम पुढच्याच वर्षी वारला.

फ्रेड हॉइल यांच्या १९५७ च्या 'द ब्लॅक क्लाउड' मध्ये तर खराखुरा चकोर आहे. प्रकाश खाणारा, अवकाशातून आलेला ढग, भुकेपोटी सूर्याजवळ थांबलेला. तिथे करार बदललेला आहे. तिथे हिशेब मागायचा अधिकार वाचकाला आहे, आणि हॉइल तो देतात. हॉइल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची इंग्रजी आद्याक्षरं उलटी केली होती. कथेला बक्षीस मिळालं. तिथून मराठी विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा आली, ती खरीच. पण आमच्या वाचनात मराठी विज्ञानकथेतला परका जीव बहुतेकदा संदेश घेऊन येतो, इशारा घेऊन येतो, देणगी घेऊन येतो. भूक घेऊन क्वचित येतो. त्याची पिल्लं दिसत नाहीत. तो आपल्यासाठी आलेला असतो. आपल्याकडे ढुंकूनही न पाहता स्वतःचं जगणारा, असा फारसा भेटत नाही. भौतिकशास्त्रज्ञांनी वाट घालून दिली, म्हणून ग्रहांची गणितं चोख आली. पक्षी बघणारी माणसं त्या वाटेने थोडी कमी गेली, एवढंच आमचं म्हणणं.

इथे थोडं घरचं सांगू. आमचं बालपण गिरगावच्या चाळीतलं. गच्चीत उभं राहिलं की मलबार हिलच्या बाजूला आकाशात गिधाडं घिरट्या घालताना दिसायची. खाली पारशांची डुंगरवाडी. आजी म्हणायची, "बघू नकोस तिकडे," म्हणून आम्ही जास्त बघायचो. पंख न हलवता इतका वेळ वर राहता येतं, हे आम्हाला प्रथम त्यांनी दाखवलं. आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खेतवाडीत, सालिम अली लहानाचे मोठे झाले, हे आम्हाला कळलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. घरात कुणी सांगितलं नाही. आमच्या घरात पक्षी म्हणजे श्राद्धाचा कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी.

मग नव्वदच्या दशकात ती गिधाडं गेली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जात होतं, मूत्रपिंडं निकामी होत होती. कारण सापडायला २००४ उजाडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली होती. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. शेकडो वर्षांचा अंत्यविधी एका पक्ष्याच्या पोटावर उभा होता, हे तो पक्षी गेल्यावर सगळ्यांना दिसलं.

आमच्या नातीला गिधाड म्हणजे जटायू. मांस साफ करणारा, उघडी मान असलेला, ऊन तापल्यावर उठणारा पक्षी तिच्या जगात नाही. तो आता कविसमय झाला. तेव्हा कल्पित पक्ष्याला पोट हवं असा आमचा जो हट्ट आहे, त्याचं मूळ या गच्चीवर आहे. खऱ्या पक्ष्याच्या पोटाचा विचार आम्ही कुणीच केला नाही, आणि तो चित्रात जाऊन बसला.

आता वही. तुम्हाला ती बघायला मिळणार नाही, म्हणून तपशीलात सांगतो. पहिल्या पानावर तिने लिहिलंय की याची सुरुवात राणीच्या बागेतल्या पेंग्विनांपासून झाली. २०१६ मध्ये सोलहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन. तिला वाटायचं, पेंग्विन म्हणजे बर्फ. मग कळलं की हे पेरू-चिलीच्या कोरड्या वाळवंटी किनाऱ्यावरचे आहेत, थंड आहे तो समुद्राचा प्रवाह. ती लिहिते, की काचेपलीकडे खरा पक्षी असताना आपण आपल्याच मनातला पाहत होतो. हे वाक्य आम्हाला सुचलं असतं तर आम्ही त्यावर शोधनिबंध लिहिला असता.

तिचा ग्रह आपल्या सूर्याकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतो, जसा चंद्र पृथ्वीकडे. एका बाजूला अखंड दुपार, दुसऱ्या बाजूला अखंड रात्र, आणि मध्ये एक कडं, जिथे नेहमी सूर्य क्षितिजाला टेकलेला. पक्षी त्या कड्यात राहतो. त्याचं नाव तिने ठेवलंय कातऱ्या. कातरवेळेवरून. इथे आम्ही वही खाली ठेवली होती. मराठीत कातरवेळ म्हटलं की दिवेलागण, हुरहूर, कुणीतरी घरी न आलेलं. शंभर वर्षांच्या भावगीतांनी तो शब्द भिजवून ठेवलाय. आणि या मुलीने तो सरळ हवामान म्हणून वापरला. जिथे कायमच कातरवेळ आहे, तिथे हुरहूर कसली? तिथे ती रोजची हवा.

मग तिचा प्रश्न: पहाट नाही, तर पक्षी गाणार कधी? आपले पक्षी उजाडताना गातात. तिच्या कातऱ्याला उजाडत नाही. तिथे जमिनीलगत वारा रात्रीच्या बाजूने दुपारच्या बाजूला सतत वाहतो, म्हणून तो वाऱ्याच्या खंडात गातो. वारा पडला की साऱ्या कड्यावर एकदम आवाज उठतो, वारा सुरू झाला की मध्येच तुटतो. घरट्याला आडोसा रात्रीच्या बाजूने. अंड्याची एक बाजू कायम उन्हात, म्हणून ते फिरवत राहावं लागतं, आणि म्हणून जोडीतलं एक कायम घरट्यावर. म्हणून त्यांना जोडीने उडता येत नाही. बघा, 'म्हणून' किती आले. पण 'म्हणून' तीन वेळा आला की पक्षी आपोआप घडतो असंही नाही. वही कुठे कुठे घसरते.

एक, कातऱ्याला शत्रू नाही. त्याचं अंडं कुणी खात नाही, पिसांत गोचीड नाही. एवढं सुरक्षित पाखरू मेणाच्या घरातच शोभतं. दोन, शेवटच्या प्रकरणात तिचा धीर सुटतो. जोडीतला एक मेला की दुसरा सूर्याकडे बघत बसतो, असं ती लिहिते. सूर्य तिथे नेहमीच समोर आहे. सगळेच त्याच्याकडे बघत बसलेले असतात. दीडशे पानं बाहेर ठेवलेली भावगीतातली कातरवेळ इथे मागच्या दाराने आत आली. थॉमस नेगेल यांनी १९७४ साली विचारलं होतं, की वटवाघूळ असणं हे वटवाघळाला कसं वाटतं? त्यांचं उत्तर होतं की वटवाघळाविषयी सगळं जाणूनही ते आपल्याला कळणार नाही. पहिल्या दीडशे पानांत त्या मुलीला हे ठाऊक होतं. शेवटी विसरली. आमच्या मते ते प्रकरण काढावं, आणि त्या जागी मेलेल्या कातऱ्याचं तिथे पुढे काय होतं ते लिहावं. कोण खातं त्याला? त्या ग्रहावर गिधाडाचं काम कोण करतं?

जिन्यात आम्ही म्हणालो होतो, हे साहित्य नव्हे. ते विधान आम्ही इथे, सर्वांसमोर, मागे घेतो. वही घेऊन आलो आहोत, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, शाई वापरलेली नाही. ती आज आली आहे की नाही, मागच्या रांगा आम्हाला नीट दिसत नाहीत. आली असेल तर पहिला प्रश्न तिचा.